वरचं घर

तिने सीटखालची दांडी ओढली आणि बाबा सीटसकट धाडकन मागे गेले.

"अगं, सांगून तरी!"

"पाय लांब करा. गुडघे पुढे टेकतायत का?"

बाबांनी पाय लांब केले, पावलं गोल फिरवून पाहिली, मानेमागची उशी चाचपली. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पहिल्यांदा मोटारीत बसलेल्या पोरासारखा एकेक खटका दाबून बघत होता. गाडी फाटकाच्या आत उभी होती आणि टपावर अजून ‘शिकाऊ’ लिहिलेली पाटी होती. ती पाटी उतरवायची, टायर बदलायचे, मागच्या सीटवर प्राणवायूची नळकांडी पट्ट्याने घट्ट बांधायची, असं तिचं मनातल्या मनात चाललं होतं.

"पाटी राहू दे की," बाबा म्हणाले. "घाटात लोक जरा लांबून जातील."

ती हसली नाही. बाबांच्या विनोदांना न हसायची तिला सवयच होती. पण टायर बघायला गाडीमागे गेली तेव्हा तिच्या ओठांचे कोपरे हलले.

गाडी चालवायला शिकवणं हा तिचा धंदा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, डोळे रस्त्यावर आणि पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर. इतकी वर्षं हे केल्यावर तो पाय तिच्या ताब्यात राहिला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसली, पलंगावर बसून टीव्हीवर गाड्यांची शर्यत बघत असली तरी उजवं पाऊल जमीन दाबायचं. गावातले अर्धे लोक तिच्या हाताखालून गेलेले, आणि ते सगळे तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. वाईट वाटत नव्हतं. मुळात माणसांवर भरवसा टाकायचा नाही, हे तिच्या धंद्याचं भांडवलच होतं.

जिथे जायचं होतं त्या शहराला घरात नाव नव्हतं. ते नुसतं ‘वर’ होतं. डोंगरांच्या पलीकडे, उंचावर, जिथे पाऊस पडत नाही, झाड उगवत नाही आणि उन्हात उभं राहिलं तरी सावलीतला कान गारठतो, असं ते शहर. बाबा हवामान खात्यात होते आणि उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथल्या वेधशाळेत काढली. रोज सकाळ-संध्याकाळ मोठा फुगा आकाशात सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीतून त्याच्या मागावर राहायचं. बाबा वर असतात. वरून फोन आला. वर बर्फ पडलंय. शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, वडील काय करतात? ती म्हणाली, "वर असतात." बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं. पुढे वार्षिक संमेलनाला जिताजागता बाप दारात येऊन उभा राहिला तेव्हा बाईंचा चेहरा कसा झाला, हे आई नक्कल करून सांगायची. ऐकणारे पोट धरून हसायचे. तिला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. शाळेतल्या बाई फार चुकल्या होत्या असं तिला कधी वाटलंच नाही.

आई गेल्यावर बाबा तिच्याकडे राहायला आले. तिचं लग्न फार टिकलं नव्हतं, घरात जागा होती. आल्यापासून ते दर उन्हाळ्यात म्हणायचे, "एकदा वर जाऊन येऊ या का?" आणि ती म्हणायची, "बघू, परीक्षेची गर्दी आहे." लायसनच्या परीक्षेला उमेदवार बारमाही असतात. बाबांना ते कळत होतं, त्यामुळे ते दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. या वर्षी त्यांनी पहिल्यांदाही विचारलं नाही. छातीच्या डॉक्टरांकडे गेले असताना सहज विचारावं तसं त्यांनाच विचारलं, की उंचावर गेलेलं चालेल का. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "जायचं असेल तर या उन्हाळ्यात जा. टप्प्याटप्प्याने चढा, मध्ये मुक्काम करत. पुढच्या वर्षी मला विचारू नका, मी नाहीच म्हणेन."

परतताना वळणावर दिशादर्शक लावता लावता तिने म्हटलं, "मग जाऊ या." शिकणाऱ्याला ‘आता दुसरा गिअर’ म्हणावं त्याच आवाजात.

त्यानंतरचे काही आठवडे घरात वेगळेच गेले. संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी सोडून ती घरी यायची तेव्हा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असायचा आणि बाबा त्यावर ओणवे. नकाशा जुना, घड्यांवर विरलेला. फोनवर सगळा रस्ता दिसतो म्हणून तिने सांगून पाहिलं.

"तो फोन तुला रस्ता दाखवेल. वारा दाखवेल का?"

"वारा कशाला बघायचाय?"

"ही खिंड बघ. सूर्य डोक्यावर यायच्या आत ही ओलांडायची. एकदा जमीन तापली की वारा असा सुटतो, की गाडीचं दार उघडलंस तर हातात येईल."

"दार हातात यायला माझी गाडी काय खोक्याची आहे?"

"माझ्या साहेबांच्या जीपचं आलं होतं. ते घेऊन बसले होते मांडीवर, पुढच्या गावापर्यंत."

या वेळी ती हसली. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं, जणू काही घडलंच नाही. पण नंतर ते बोलतच राहिले. पहिला मुक्काम नदीकाठी, दुसरा जिथे झाडं संपतात तिथे. दुसऱ्या मुक्कामाला डोकं दुखणार, ते दुखू द्यायचं, घाबरायचं नाही. पाणी पीत राहायचं. शेवटच्या दिवशी एक लांबच लांब सपाट पठार लागतं, सरळ रस्ता, समोर डोंगर. तासभर गाडी हाकली तरी डोंगर जवळ म्हणून येत नाहीत. "माणूस कंटाळतो आणि चूक करतो, ती तिथे." तिने मान डोलावली. चूक कुठे होते हे कळणारा माणूस तिला आवडायचा. आपले वडील आपल्याला आवडू शकतील असे आहेत, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचारासरशी ती उठून भांडी विसळायला लागली.

कारण एक गोष्ट गिळलेली होती, ती खाली उतरत नव्हती. बाबा वर्षातून एकदा रजेवर यायचे. बाकी सगळं आईने काढलं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, पाळीची नोकरी. सकाळची पाळी असली की मुलगी शेजारी, दुपारची असली की शाळेतून घरी येऊन गळ्यातल्या किल्लीने कुलूप उघडायचं. ताप आला तर आई, हात मोडला तर आई, आजी गेली तेव्हा खांदेकरी बोलावण्यापासून सगळं आईच. आम्ही का नाही जायचं वर, असं तिने लहानपणी कितीदा विचारलं असेल. उत्तर ठरलेलं होतं: तिकडे कुटुंबाला जागा नाही. एकट्या पुरुषांसाठी एक लांब खोली, ओळीने खाटा, बस. मोठेपणी तिने विचारणं सोडलं आणि ती बोलून दाखवायला लागली. "बदली मागता आली असती त्यांना. मागितली नाही." तेव्हा आई नेहमी काहीतरी काम आठवून उठायची. "असू दे गं," म्हणायची आणि गॅस बंद आहे का ते बघायला आत जायची.

राहण्याची सोय राहिली होती. रविवारी दुपारी तिने फोनवरून एक ठिकाण शोधलं. शहराच्या कडेला, मोकळ्यावर, गाडी लावायला जागा, आणि पायऱ्या नाहीत. बाबांना ऐकू यावं म्हणून तिने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

पलीकडे एक बाई होती, चालवणारी तीच. आवाज मोकळा, मोठ्याने बोलायची सवय असलेला.

"खोल्या कशा आहेत?" ब्रेकबाईंनी विचारलं. "वडील बरोबर आहेत, वय झालंय."

"खोली नाही ताई, अख्खं छोटं घर मिळेल. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण. भिंती जाड आहेत, थंडी आत येत नाही. पूर्वी सरकारी होती ही घरं. इथे हवामानाची कचेरी होती ना, तिथल्या लोकांची फॅमिली क्वार्टर्स. कचेरी हलली, मग आम्ही घेतली आणि दुरुस्त केली."

बाबा नकाशावर बोट ठेवून होते. ते बोट तिथेच राहिलं.

"कधीची आहेत ही घरं?" तिने विचारलं.

"जुनी आहेत. मी लहान होते तेव्हापासूनची. पण आतून सगळं नवीन केलंय, गरम पाणी आहे."

"मी कळवते," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

बाबा उठले. स्वयंपाकघरातला नळ थेंबथेंब गळत होता, तो घट्ट करायला गेले. परत आले तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"दुसरीकडे बघ," बाबा म्हणाले. "तिथे वारा फार लागतो."

"फॅमिली क्वार्टर्स."

"हं."

"तुम्ही म्हणायचात, जागा नाही. आई पण तेच म्हणायची, कारण तुम्ही तिला तेच सांगितलं होतं."

बाबांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मी लहान होते, माझं सोडा. पण ती रात्रपाळी करून यायची आणि मला शाळेत सोडायची. उभ्या उभ्या झोपायची ती. आणि तिकडे घर होतं. अंगणासकट."

"जुनं झालं ते सगळं."

"जुनं झालं म्हणून खोटं नाही होत बाबा." तिचा आवाज चढला नव्हता. शिकणाऱ्यांवर ती ओरडत नसे, उलट चूक जितकी मोठी तितका तिचा आवाज हळू होई. "आईच्या आजारात तुम्ही तिच्या पायाशी बसून राहिलात. लोकांना केवढं कौतुक. डॉक्टर, नर्स, शेजारी, सगळे म्हणायचे, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मला नाही वाटलं कौतुक. मला वाटायचं, हा माणूस फेडतोय. आयुष्यभराचं एकदम फेडतोय."

बाबांनी खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवलं, धूळ पुसावी तसं.

"हं," ते म्हणाले. मग त्यांनी नकाशाची घडी घालायला घेतली. जुन्या घड्यांवर नीट बसेना, तेव्हा तो कसाबसा दुमडून कपाटावर ठेवला आणि आपल्या खोलीत गेले.

पुढचे दिवस दोघं घरात एकमेकांना वाट देत वावरले. चहा कोण करणार, औषध घेतलंत का, पेपर कुठाय, एवढंच बोलणं. टायर आणायला ती गेली नाही. बाबांनी विचारलं नाही. ‘शिकाऊ’ची पाटी टपावर तशीच होती आणि तिच्याखाली रोज कुणी ना कुणी शिकत होतं. एका दंतवैद्य बाईंना रिव्हर्स जमत नव्हता. मागे बघायचं म्हटलं की त्यांचा श्वास अडकायचा.

"आरसा आहे, मान आहे, दोन्ही वापरा," ती त्यांना म्हणत होती. "मागे काय आहे ते एकदा नीट बघितलं की भीती जाते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वरची ती गेस्टहाऊसवाली. घर ठेवायचं की सोडायचं, कारण दुसरे लोक विचारत होते. ‘सोडा,’ असं एका शब्दात सांगून ती मोकळी होणार होती. पण ‘थोड्या वेळाने फोन करते,’ एवढंच म्हणाली. दंतवैद्य बाईंना तिने गाडी कडेला घ्यायला लावली, त्यांना त्यांच्या दवाखान्याच्या कोपऱ्यावर उतरवलं आणि एका बंद दुकानासमोर गाडी उभी करून तिने परत फोन लावला.

"तुम्ही म्हणालात, तुम्ही लहान असल्यापासूनची घरं आहेत. तुम्ही तिथेच राहायचात?"

"मागच्या चाळीत. आमचे वडील शिपाई होते ना कचेरीत. का हो ताई?"

"माझे वडील तिथे होते. वेधशाळेत. फुगे सोडायचे."

पलीकडून ती बाई ओरडलीच.

"फुगेवाले साहेब? उंच? बोलता बोलता आकाशात बघणारे?"

"हो."

"अगं बाई! म्हणजे तू... म्हणजे तुम्ही त्यांची मुलगी! ताई, तुमच्या झोपाळ्यावर मी लहानाची मोठी झाले!"

"माझ्या?"

"तुमच्यासाठी बांधलेला ना साहेबांनी, अंगणात. तिकडे लाकूड कुठे मिळतं? लांबून आणवलं होतं. घराला रंग दिला, आमच्या आईने चूल घालून दिली. माझी मुलगी येणार, माझी मुलगी येणार, असं आम्हा पोरांना सांगायचे, तिला खेळायला घ्या म्हणून. आम्ही रोज विचारायचो, आली का, आली का. मग एक दिवस म्हणाले, बसा तुम्हीच झोपाळ्यावर. ती नाही येत."

रस्त्यापलीकडे एक माणूस शिडीवर चढून दिव्याचा खांब दुरुस्त करत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"का नाही आलो आम्ही?"

"ते..." बाई थोडी अडखळली. "मला काय कळणार तेव्हा. आमचे वडील सांगायचे. कचेरीतला फोन त्यांच्याच टेबलाजवळ होता. तुमच्या आईंचा फोन आला होता. त्यांना तिकडे मोठी जागा मिळाली होती म्हणे कामात, सगळ्यांच्या वरची. साहेब बराच वेळ नुसते ऐकत होते. मग म्हणाले, बरं. तू ती खुर्ची सोडू नकोस. मुलीला सांग, इकडे जागाच मिळत नाही. माझ्यावर ढकल. आमचे वडील मरेपर्यंत हे सांगायचे. म्हणायचे, माणूस असावा तर असा." मग तिने घाईघाईने विचारलं, "मी काही भलतंच बोलले का ताई? तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं मला."

"नाही. बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "घर ठेवा. मी संध्याकाळी पक्कं सांगते."

फोन ठेवल्यावर तिने गाडी सुरू केली, मग परत बंद केली. आई डोळ्यांसमोर आली: गॅस बंद आहे का ते बघायला आत जाणारी, तिची पाठ. दर वेळी तीच पाठ. आईला त्या कामावर तिने एकदाच पाहिलं होतं. कानाला हेडफोन, समोर ओळीने बसलेल्या मुली, आणि आई त्यांच्यामागून सावकाश चालत होती. इतकी ताठ, इतकी सुंदर, की ही आपली आई आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला होता.

घरी पोचली तेव्हा बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तिने आतून दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"त्या बाईशी बोलले मी. शिपायाची मुलगी आहे ती."

बाबांनी डोळे मिटले आणि उघडले. "झोपाळ्यावरची?"

"हो."

"फार बडबडी होती."

"अजून आहे." वाटेत तिने काय काय ठरवलं होतं, त्यातलं काही ओठांवर येईना. "मी परवा जे बोलले बाबा... ते मागे घेता येत नाही, मला माहीत आहे. पण तुम्ही सांगायचं होतंत. मी आईला काही म्हटलं नसतं."

"म्हटलं असतंस," बाबा म्हणाले. "लहान होतीस. लहान मुलं हिशेब चुकता करतात. आणि तिने का यायचं होतं? ती खुर्ची सोडून वर येऊन काय करणार होती? मी फुगा सोडून घरी कधी येतो याची वाट बघत बसणार?"

"म्हणून तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत. आणि मी तुम्हाला..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "आता मला देव करू नकोस. तेवढ्यासाठीच मी म्हटलं होतं, दुसरीकडे बघ."

त्यांना दम लागला होता. ती थांबली. त्यांनी श्वास जागेवर येऊ दिला.

"तो फोन ठेवला ना, तेव्हा मी बाहेर येऊन उन्हात बसलो. वाईट वाटेल म्हणून वाट बघत होतो. आणि मला हायसं वाटलं."

ती खुर्चीत पुढे सरकली.

"खरं सांगतो. रंग दिला, झोपाळा बांधला, सगळं मनापासून केलं. पण ती येत नाही म्हटल्यावर एकदम वाटलं, सुटलो. तिथे एकटं राहायला मला आवडायचं. ते आकाश, तो फुगा, कुणाला काही सांगायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. दोन माणसं रुसून वेगळी राहतात, आम्ही खुशीने राहिलो. फक्त तिला ते माहीत नव्हतं. तिला वाटत राहिलं, आपण या माणसाला एकटं टाकलं. रजेवर आलो की माझ्यासमोर कशी वागायची, आठवतं? पाहुण्यासारखी. सारखं काय हवं, काय नको. म्हातारपणीसुद्धा. मी तिला एकदा सांगितलं असतं, की बये, मी मजेत होतो, तर सुटली असती ती."

"का नाही सांगितलंत?"

"तिच्या नजरेत मोठा झालो होतो ना." बाबा अंगणातल्या फरशीकडे बघत म्हणाले. "ते सोडवेना. शेवटी पायाशी बसलो होतो तेव्हा रोज ठरवायचो, आज सांगू. ती झोपायची किंवा नर्स यायची. तू बरोबर ओळखलंस. फेडतच होतो. नुसतं काय फेडतोय ते तुला माहीत नव्हतं."

शेजारच्या घरात कुणीतरी खिडकी लावून घेतली. तिने, आपल्या हातांकडे बघत, म्हटलं, "तुमची रजा कधी संपते याची मी वाट बघायचे."

"माहीत आहे."

"तुम्ही आलात की मला आईजवळ झोपायला मिळायचं नाही. तुम्ही गेलात की आई सगळी माझी."

"माहीत आहे गं. माझी बॅग उचलून तूच दारात आणून ठेवायचीस. गाडीची वेळ व्हायच्या कितीतरी आधी."

तिला हसू आलं आणि ते अर्ध्यावर फुटलं. बाबांनी खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तो स्वच्छ नव्हता. तिने घेतला.

थोड्या वेळाने ती आत जाऊन नकाशा घेऊन आली. चुकीच्या घड्या उलगडून तिने तो दोघांच्या गुडघ्यांवर पसरला. आधी घर पक्कं करायला हवं होतं. तिने फोन लावला, आवाज मोठा केला, आणि पलीकडून हॅलो येताच फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो तोंडासमोर आडवा धरला, जुन्या काळचे लोक धरतात तसा.

"मी बोलतोय. फुगेवाला."

पलीकडे आरडाओरडा झाला. कुणाला तरी हाका मारल्या गेल्या, काहीतरी भांडं पडलं. बाई एका दमात विचारत सुटली, तब्येत कशी, कधी निघणार, खिंड सकाळीच ओलांडाल ना. बाबा नुसते हो हो म्हणत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"आणि साहेब, वहिनी? या वेळी तरी येणार ना त्या?"

तिने फोन घ्यायला हात पुढे केला. बाबांनी मान हलवून तिला थांबवलं. उत्तर देण्याआधी त्यांनी वर पाहिलं, काही नसलेल्या आकाशात.

"नाही," ते म्हणाले. "तिला नाही जमायचं या वेळीही."

"अरेरे. वाट बघितली असती मी."

"नको, वाट बघू नकोस. तिचं काम फार मोठं होतं. आणि हे बघ, माझी काही तक्रार नाही. मी तिथे मजेत होतो. खूप मजेत होतो."

पलीकडे बाई गोंधळली. मग म्हणाली, "बरं साहेब. मग दोनच खाटा लावते."

"लाव," बाबा म्हणाले.